फेडर तळाला टेकू द्यायचा नाही : ‘आय ॲम नॉट इन लव्ह’मधला तो ‘आऽऽ’ कसा तयार झाला

प्रश्न असा आहे: टेन सीसी या इंग्लिश बँडच्या ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ (१९७५) या गाण्यात मागे सतत ढगासारखा ‘आऽऽ’ तरंगत असतो, तो कोणत्या सिंथेसायझरचा? घरच्या कॉम्प्युटरवर तसा आवाज काढता येईल का? आणि इतकं गाजलेलं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर का पोचलं नाही?

तो सिंथेसायझर नाही. तीन माणसांचे गळे आहेत, एकावर एक रचलेले, आणि ते वाजवलेत मिक्सिंग डेस्कच्या फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकत्या बटणांवर. सिंथेसायझरची शंका येणं स्वाभाविक आहे, पण १९७५ च्या आसपास हाताशी काय होतं ते पाहा. मिनीमूगवर एका वेळी एकच स्वर वाजे. सोलिनासारखी स्ट्रिंग मशिन होती, पण त्यांचा आवाज व्हायोलिनच्या ताफ्याकडे झुकणारा. खऱ्या गळ्यांच्या जवळ जाणारं वाद्य म्हणजे मेलोट्रॉन. त्यात प्रत्येक पट्टीखाली ध्वनिमुद्रित टेपचा तुकडा असतो आणि पट्टी दाबून धरली तरी तो साधारण आठ सेकंदांत संपतो. स्वर हवा तितका वेळ धरायचा, आणि एकातून दुसऱ्यात विरघळवत न्यायचा, ही सोय तयार कुठल्याच वाद्यात नव्हती. म्हणून वाद्यच बनवावं लागलं.

आधी गाण्याची थोडी पूर्वपीठिका, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यातून आले. गाणं बँडमधल्याच एरिक स्ट्युअर्ट आणि ग्रॅहम गोल्डमन यांचं. स्ट्युअर्टची बायको त्याला म्हणायची की, तू माझ्यावर प्रेम असल्याचं पुरेसं बोलून दाखवत नाहीस. त्यावरून त्याला उलटं लिहायचं सुचलं: मी प्रेमात नाही असं घोकणारा माणूस, आणि त्याच्या प्रत्येक कारणातून प्रेमच उघडं पडतंय. पहिली चाल बोसा नोव्हा या ब्राझिली शैलीच्या ठेक्यावर बसवली होती. बँडमधल्या उरलेल्या दोघांना, केव्हिन गॉडली आणि लॉल क्रीम यांना, ती पसंत पडली नाही, गॉडलीने तर स्पष्टच नापसंती सांगितली आणि ते ध्वनिमुद्रण पुसून टाकलं गेलं. पण स्टुडिओतली कर्मचारी मंडळी चाल गुणगुणत राहिली, म्हणून गाणं पुन्हा हाती घेतलं. या वेळी गॉडलीने सुचवलं की वाद्यं बाजूला ठेवू आणि सगळं गळ्यांवरच उभं करू.

हे इतक्या निवांतपणे करता आलं, कारण स्टुडिओ घरचा होता. मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टमधल्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत स्ट्युअर्ट आणि गोल्डमन स्वतः भागीदार होते, आणि ध्वनिमुद्रणाचं कामही स्ट्युअर्टच पाहायचा. नुसते मागचे गळे रेकॉर्ड करायला तीन आठवडे लागले. तासाच्या भाड्याच्या स्टुडिओत एका गाण्याच्या पार्श्वभूमीसाठी कोणीही इतका वेळ दिला नसता. गाण्याच्या यशाची चर्चा होते तेव्हा माझ्या मते या गोष्टीला फार कमी महत्त्व मिळतं.

आता प्रत्यक्ष कृती. गोल्डमन, गॉडली आणि क्रीम या तिघांनी एकच स्वर एकत्र ‘आऽऽ’ करून धरायचा. असं १६ वेळा, म्हणजे १६ ट्रॅकच्या (एकाच टेपवर १६ वेगळे आवाज शेजारी धरणाऱ्या) मशिनचा प्रत्येक ट्रॅक भरेपर्यंत. तीन गुणिले १६, म्हणजे एका स्वराला ४८ गळे. ते स्टिरिओत मिसळून उतरवून घ्यायचे, मग पुढचा स्वर. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर सप्तकातल्या सातही पांढऱ्या आणि पाचही काळ्या, एकही न वगळता. या गाण्याबद्दल ६२४ गळ्यांचा आकडा नेहमी वाचायला मिळतो. तो १३ स्वर धरून येतो. बारा धरले तर ५७६ होतात. ऐकणाऱ्याला फरक पडत नाही, पण हिशोब कुठून आला ते कळलेलं बरं.

तरी स्वर धरून ठेवायचा प्रश्न उरतोच, कारण माणसाला श्वास घ्यावा लागतो. क्रीमने सुचवलं की टेपचा लूप करू. प्रत्येक स्वराच्या टेपचं एक टोक दुसऱ्याला जोडून साधारण १२ फुटांचा वेढा केला. एका बाजूला तो स्टिरिओ मशिनच्या हेडमधून, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागातून, जायचा आणि दुसऱ्या बाजूला मायक्रोफोनच्या स्टँडवर बसवलेल्या रोलरभोवती. स्टँड मागेपुढे सरकवून टेपचा ताण जमवायचा. ताण कमी पडला की टेप हेडवर नीट बसत नाही आणि स्वर डळमळतो, जास्त झाला की वेग बदलतो आणि स्वर बेसूर होतो.

बारा फूटच का? टेप जिथे जोडलेली असते तिथून ती हेडवरून जाताना बारीक ‘टक्’ ऐकू येतं. १२ फूट म्हणजे १४४ इंच. व्यावसायिक मशिनवर टेप सेकंदाला १५ किंवा ३० इंच वेगाने धावते, म्हणजे लूपची एक फेरी ९.६ किंवा ४.८ सेकंदांची. लूप आखूड ठेवला असता तर तो ‘टक्’ ठेक्यासारखा सारखा येत राहिला असता. लांब लूपमध्ये तो क्वचित येतो, आणि बाराही लूपचे जोड एकाच क्षणी आले नाहीत तर बाकीच्या आवाजात बुडून जातो.

मग हे लूप एकेक करून १६ ट्रॅकच्या टेपवर उतरवले, एका ट्रॅकवर एक स्वर, गाण्याच्या पूर्ण लांबीभर. आता डेस्कवर प्रत्येक फेडरखाली एक स्वर अखंड वाहतोय. फेडर वर केला की तो ऐकू येतो, खाली केला की मागे जातो. चौघे डेस्कपाशी बसले आणि गाण्यातला कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा गट) बदलेल तसे तीन-चार फेडर वर, आधीचे खाली, असं करत त्यांनी पूर्ण गाण्याची साथ ‘वाजवली’. सोबतीला वाद्यं अगदी मोजकी: स्ट्युअर्टचा इलेक्ट्रिक पियानो, गोल्डमनची ऱ्हिदम गिटार आणि गॉडलीने मूग सिंथेसायझरवर काढलेला बेस ड्रमसारखा मऊ ठोका. सिंथेसायझर गाण्यात आहे तो एवढाच.

हे वाजवणं म्हणजे नेमकं काय, ते एका जागेवरून समजून घ्या. गाण्याचा सा पांढरी तीन धरा. ओळीच्या सुरुवातीला पांढरी सहाचा मेजर कॉर्ड येतो आणि लगेच त्याचाच मायनर होतो. मेजरमध्ये पांढरी सहा, काळी एक आणि पांढरी तीन. मायनरमध्ये काळी एकच्या जागी पांढरी एक, बाकी दोन तेच. म्हणजे डेस्कवर दोन फेडर जागचे हलत नाहीत, फक्त काळी एक हळूहळू खाली येते आणि शेजारची पांढरी एक वर चढते. आपल्या भाषेत शुद्ध धैवत विरतो आणि कोमल धैवत उगवतो. पियानोवर हा बदल बोट उचलून दुसरं बोट टेकवल्यासारखा ऐकू येतो. इथे मधला अर्धा-एक सेकंद दोन्ही धैवत एकत्र असतात, आणि ती हुरहूर त्याच अर्ध्या सेकंदात आहे.

सगळ्यात महत्त्वाची युक्ती मात्र फेडरच्या खालच्या टोकाला आहे. स्ट्युअर्टने फेडरच्या तळाशी चिकटपट्टी लावली, जेणेकरून कोणताही स्वर पूर्ण बंदच होऊ नये. परिणामी बाराही स्वर गाणंभर अगदी पुसट वाजत राहतात. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला हे पटकन समजेल, पण फरकही आहे. तानपुरा सा-प किंवा सा-म धरतो, म्हणजे गाणाऱ्याला घर दाखवतो. इथे बाराही स्वर एकत्र असल्यामुळे कुठलाच स्वर घर दाखवत नाही, उरतं फक्त धुकं. त्यातून जो कॉर्ड वर येतो तो शांततेतून अचानक उगवत नाही, आधीपासून असलेल्या धुक्यातून दाट होत येतो आणि परत त्यातच जातो. कडा कुठेच दिसत नाहीत. शिवाय टेपची सरसर या धुक्यात मिसळून जाते. हे गळे मूळ ट्रॅक, स्टिरिओ मिश्रण आणि पुन्हा १६ ट्रॅक अशा तीन तरी पिढ्यांतून गेलेत. प्रत्येक पिढीत सरसर वाढते, आणि एरवी फेडर वर जाताना ती उघडी पडली असती.

यावर स्ट्युअर्टचा मुख्य आवाज आणि गॉडली-क्रीमचे पूरक गळे चढले. मधल्या भागात गोल्डमनची बेस गिटार सुरावट घेते. बेसला एकट्याने बोलू देणं त्या काळच्या पॉप गाण्यात दुर्मिळच. तरी काहीतरी कमी वाटत होतं. मोठी मुलं रडत नाहीत, गप्प राहा, अशा अर्थाचे शब्द क्रीम एकदा ग्रँड पियानोच्या मायक्रोफोनमध्ये पुटपुटला होता, ते त्याला आठवले. तेवढ्यात स्टुडिओच्या स्वागतकक्षात काम करणारी तरुणी, कोणाचा तरी फोन आलाय हे सांगायला, हळू आवाजात बोलत आत आली. हाच आवाज हवा, असं चौघांचं ठरलं आणि मधली कुजबुज तिच्याकडून करून घेतली. शेवटी खेळण्यातली संगीतपेटी वाजते. ती दोनदा मुद्रित करून एकमेकींच्या उलट फेजमध्ये, म्हणजे एकीची कंपनं वर जाताना दुसरीची खाली जातील अशी, ठेवली आहे, म्हणून ती दोन स्पीकरच्या मधोमध न बसता खोलीत कुठेतरी पसरल्यासारखी वाटते.

आता चार्टकडे. हे गाणं मार्च १९७५ मध्ये आलेल्या ‘द ओरिजिनल साउंडट्रॅक’ या अल्बममध्ये होतं. बँड त्या सुमारास जोनाथन किंगची यूके रेकॉर्ड्स सोडून फोनोग्रामकडे गेला, मर्क्युरी या लेबलवर. त्या करारामागे हेच गाणं होतं: नव्या कंपनीच्या लोकांनी ते ऐकलं आणि बोलणी पुढे सरकली. इतकं असूनही पहिलं सिंगल (एका गाण्याची सुटी तबकडी) म्हणून ‘लाइफ इज अ मिनस्ट्रोनी’ काढलं. ते ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. सहा मिनिटांचं, ड्रम नसलेलं, संथ गाणं रेडिओला द्यायला कंपनी बिचकत होती, आणि ती भीती अगदीच निराधार नव्हती. सात इंची तबकडीची एक बाजू साडेतीन-चार मिनिटांना आरामात पुरते. त्यापुढे खाचा जवळजवळ कापाव्या लागतात आणि आवाजाची पातळी खाली आणावी लागते. रेडिओच्या कार्यक्रमातही सहा मिनिटं म्हणजे दोन गाण्यांची जागा.

मे १९७५ मध्ये सिंगल आलं. २८ जूनच्या चार्टमध्ये विंडसर डेव्हिस आणि डॉन एस्टेल यांच्या ‘व्हिस्परिंग ग्रास’ला खाली सारून ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि दोन आठवडे तिथे राहिलं. आयर्लंड आणि कॅनडातही पहिलं आलं. ब्रिटनमध्ये टेन सीसीची अशी तीन गाणी: ‘रबर बुलेट्स’ (१९७३), हे, आणि ‘ड्रेडलॉक हॉलिडे’ (१९७८).

अमेरिकेत एकल तबकडीसाठी गाणं कापून चार मिनिटांच्या आत आणलं. तिथे ते बिलबोर्डच्या हॉट हंड्रेडमध्ये सलग तीन आठवडे दुसऱ्या क्रमांकावर होतं, आणि त्या प्रत्येक आठवड्यात वर वेगळं गाणं होतं. २६ जुलैला व्हॅन मकॉयचं ‘द हसल’, २ ऑगस्टला ईगल्सचं ‘वन ऑफ दीज नाइट्स’, ९ ऑगस्टला बी जीजचं ‘जाइव्ह टॉकिन’. ‘पहिल्या क्रमांकावर का नाही’ याचं खरं उत्तर या तीन नावांत आहे. गाणं कमी पडलं असतं तर एकच प्रतिस्पर्धी तीन आठवडे वर ठाण मांडून बसला असता. तसं झालं नाही. वरचं गाणं उतरत होतं, पण त्याच क्षणी दुसरं कोणीतरी खालून अधिक वेगाने वर येत होतं. हॉट हंड्रेडचा क्रमांक त्या काळी विक्री आणि रेडिओवरचं वादन मिळून ठरायचा आणि तो त्या आठवड्यापुरता असतो. एकूण किती विकलं गेलं हे तो सांगत नाही. तो उन्हाळा नाचाच्या गाण्यांचा होता. ‘द हसल’ आणि ‘जाइव्ह टॉकिन’ क्लबमध्येही वाजत होती. हे गाणं क्लबमध्ये वाजवण्याजोगं नाही, ते रेडिओ आणि घरच्या प्लेअरच्या बळावर तिथवर गेलं. क्रमांक दोन हे त्याचं अपयश मानणं मला मुळीच पटत नाही.

आता घरी करायचं असेल तर. साधन कोणतंही चालेल, चांगला कंडेन्सर मायक्रोफोन आणि शांत खोली हवी. मेहनत मात्र टाळता येत नाही.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे एक चांगला टेक (एकदा गाऊन केलेलं मुद्रण) घेऊन तो १६ वेळा चिकटवणं. त्याने आवाज मोठा होतो, दाट होत नाही. थोडा पुढेमागे सरकवला तर काही कंपनं एकमेकांना खातात आणि डब्यातून आल्यासारखा आवाज येतो. दाटपणा येतो तो प्रत्येक टेकमधल्या नकळत फरकातून, म्हणून टेक खरोखर वेगळे घ्या. एका स्वराला १६ जमले नाहीत तर तिघांचे आठ घ्या. २४ गळ्यांनाही काम होतं, त्याखाली मात्र वेगवेगळी माणसं ओळखू येऊ लागतात. ऑटोट्यूनने, म्हणजे सूर आपोआप दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरने, सगळे एका रेषेत आणले की पुन्हा तोच तोटा: अनेक गळ्यांचा एकच मोठा गळा होतो. अगदीच घसरलेला टेक काढून टाका, पाच-दहा सेंटचा फरक (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) राहू द्या.

कानात तानपुरा ॲपवरून तोच स्वर लावून गा, पण त्यातला पंचम बंद ठेवा, नाहीतर गाणारा नकळत त्याच्याकडे ओढला जातो. आंदोलन, मींड, कंप काहीही नको. आपल्याकडे शिकलेल्या गळ्यांना हेच सर्वांत जड जातं. स्वर सपाट, तोंडाचा आकार बाराही स्वरांना एकच, आणि आवाज मध्यम. वरच्या स्वरांना जोर लावला की ते फेडर उघडताच बोचतात. म्हणून सप्तक असं निवडा की सर्वांत वरचा स्वरही न ताणता लागेल. मायक्रोफोनपासून दोन-तीन फूट लांब उभे राहा. प्रत्येक टेक १५ सेकंदांचा घ्या, सुरुवातीचे दोन सेकंद आणि श्वासाआधीचा शेवट कापून टाका. १०० हर्ट्झखालचं सगळं काढून टाका, कारण पंख्याची आणि रहदारीची घरघर प्रत्येक टेकबरोबर साचत जाते.

लूप जोडताना दोन्ही टोकं एक-दीड सेकंद एकमेकांवर घेऊन क्रॉसफेड करा, म्हणजे एक विरत असताना दुसरं वर येऊ द्या. ‘टक्’ येणार नाही, पण नीट न जमल्यास जोडापाशी आवाज क्षणभर बसल्यासारखा होतो. तो दर वेळी एकत्र होऊ नये म्हणून बाराही लूप वेगवेगळ्या लांबीचे ठेवा: एक ९.१ सेकंदांचा, दुसरा ९.७, तिसरा १०.४, असे.

फेडरचे बदल माउसने रेषा ओढून काढू नका. साधा फेडर कंट्रोलर घेऊन, गाणं लावून, हाताने करा. एका वेळी तीन स्वर, अशा चार फेऱ्यांत बारा होतात. फेडर बरोबर मात्रेवर उचललात तर कॉर्ड उशिरा आल्यासारखा वाटेल, कारण आवाज कानाला जाणवेपर्यंत वेळ जातो. संथ लयीत अर्धा सेकंद आधी उचला, आणि जुना स्वर नवा आल्यानंतरच सोडा.

तळाची पातळी पूर्ण उघड्या फेडरपेक्षा ४० डेसिबल खाली ठेवून सुरुवात करा. बारा स्वर एकत्र आले की ही पातळी सुमारे ११ डेसिबलने वाढते, म्हणजे धुकं २९ च्या आसपास बसतं. तळ ३० वर ठेवला तर धुकं कॉर्ड गढूळ करतं, ५० वर ठेवला तर ते नाहीसं होतं आणि कडा परत दिसू लागतात. रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याची नक्कल) आधी लावू नका. रिव्हर्बमधून मिळणारी बरीच धूसरता या तळातून आधीच आलेली असते. तो लावायचाच असेल तर मुख्य आवाजाला थोडासा लावा.

ठोक्यासाठी ६० हर्ट्झच्या आसपासची साधी साइन लहर, दीडशे मिलिसेकंदांत विरणारी, पुरते. बेस ड्रमचा तयार सॅम्पल लावलात तर त्याच्या काठीचा आवाज गळ्यांना चिरत जातो. आणि शेवटी संगीतपेटीची नक्कल करणार असाल तर दोन वेगळे टेक घ्या. एकाच टेकची प्रत उलट्या फेजमध्ये ठेवलीत तर स्टिरिओत छान पसरलेली वाटेल, पण फोनच्या मोनो स्पीकरवर किंवा दुकानातल्या एकाच भोंग्यावर ती पूर्ण नाहीशी होईल. मिक्स संपवण्याआधी एकदा मोनोचं बटण दाबून गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका, आणि गळ्यांचा तळ तिथेही ऐकू येतोय ना, ते पाहा.